नव्या वायरमनची पिशवी: कोणतं हत्यार आधी, कोणतं नंतर आणि कोणतं मुळीच नको

आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेड पूर्ण झाला की बरीच मुलं पहिल्या पैशांतून एक तयार किट आणतात. प्लास्टिकची पेटी, आत चाळीस-पन्नास नग, प्रत्येकाला आपापला खाचा. दिसायला झकास. सहा महिन्यांनी ती पेटी उघडली तर पाने, ॲलन-की आणि बारके पेचकस नवेच्या नवे असतात. पक्कड मात्र ढिली पडलेली असते आणि टेस्टर हरवलेला असतो. घरगुती वायरिंगच्या कामात रोज हाताला लागणारी हत्यारं जेमतेम डझनभर. ती सुटी घ्यावीत, एकेक पारखून घ्यावीत आणि कोणतं आधी घ्यायचं तेही ठरवून ठेवावं.

माझा क्रम काही जणांना उलटा वाटेल. वायर कापणारं हत्यार नंतर. ती वायर बंद आहे हे सांगणारं हत्यार आधी. हात आखडता घ्यायचाच असेल तर हातोडी-छन्नीत घ्या, मीटरमध्ये नको.

इथे मी घर, दुकान, छोटं ऑफिस एवढंच काम धरून चाललो आहे. म्हणजे २३० व्होल्टची सिंगल फेज लाइन आणि अधूनमधून थ्री फेज मीटर. खांबावरची लाइन, ट्रान्सफॉर्मर, हाय टेन्शन पॅनेल यांची हत्यारं वेगळी आणि परवानेही वेगळे. शिवाय पिशवी भरली म्हणजे स्वतःच्या नावावर वायरिंगचं काम घेता येतं असं नाही. त्यासाठी वायरमनचा परवाना लागतो आणि नव्या वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट परवानाधारक कंत्राटदारच देतो. सुरुवातीचा काळ कुणातरी जाणत्या माणसाच्या हाताखाली काढणं उत्तम. त्यात हत्यारांचाही फायदा असतो: मोठी मशीन त्याची वापरायला मिळतात आणि कोणतं हत्यार कामाला येतं ते आयतं कळतं.

पहिली पायरी: काम कोणतं, ते ठरवा

दुरुस्तीची कामं करणाऱ्याची पिशवी हलकी हवी. पंखा, ट्यूब, स्विच, एमसीबी (जादा करंट झाला की आपोआप पडणारा स्विच), गिझरची लाइन यांसाठी टेस्टर, मीटर, पक्कड, तीन-चार पेचकस, स्ट्रिपर आणि टेप एवढं पुरतं. ते खांद्यावर टाकून चौथ्या मजल्यावर चढता आलं पाहिजे. नव्या साइटवर कन्सील, म्हणजे भिंतीच्या आतली, वायरिंग करणाऱ्याला याशिवाय छन्नी, हातोडी, लेव्हल, फिश वायर (पाइपमधून वायर ओढायची), पाइप वाकवायची स्प्रिंग आणि मोठं ड्रिल लागतं. पॅनेलच्या कामात क्रिम्पिंग टूल, पाने आणि फेरूल (वायरीच्या टोकावर दाबायची बारकी नळी) वाढतात. यांतलं आपलं काम कोणतं हे ठरवा आणि त्याचीच हत्यारं घ्या. दुसऱ्या प्रकारचं काम मिळालं की त्याची हत्यारं त्याच कामाच्या पैशांतून येतात.

दुसरी पायरी: लाइन बंद आहे हे सांगणारी हत्यारं

इथे थोडं सविस्तर, कारण शॉक बसण्यामागे बहुधा हेच असतं: ‘बंद आहे’ असं समजून हात घातला.

सगळ्यांच्या खिशात असतो तो निऑनचा टेस्टर. आत बारका निऑन दिवा आणि त्याच्या मालिकेत मोठा रेझिस्टन्स. मागच्या धातूच्या टोपीला बोट लावलं की अगदी सूक्ष्म करंट तुमच्या शरीरातून जमिनीकडे जातो आणि दिवा पेटतो. म्हणून टेस्टर खोलून आतला रेझिस्टन्स इकडेतिकडे करू नका. ओला झालेला किंवा दांड्याला तडा गेलेला टेस्टर सरळ फेकून द्या. तुमच्या आणि लाइनच्या मध्ये तेवढा एकच रेझिस्टन्स असतो.

टेस्टरच्या मर्यादा मात्र नीट समजून घ्या. भर उन्हात गच्चीवर त्याचा उजेड दिसत नाही. कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहिलात तर जिवंत वायरीवरही तो मंद पेटतो, कधी पेटतही नाही. उलट, पाइपमधून शेजारून जाणाऱ्या चालू वायरीमुळे बंद वायरीतही थोडं व्होल्टेज उतरतं आणि तिथे टेस्टर पेटतो. न्यूट्रल तुटला तर आणखी गंमत. घरातले दिवे बंद आणि टेस्टर मात्र सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटतो. नवखा म्हणतो, ‘दोन फेज आले.’ खरं म्हणजे कुठलातरी बल्ब किंवा फ्रिज चालू राहिलेला असतो आणि त्याच्यातून फेज न्यूट्रलच्या वायरीत उतरलेला असतो. थोडक्यात, टेस्टर पेटला तर लाइन आहे असंच समजा. नाही पेटला म्हणून नाही असं समजू नका. स्पर्श न करता टूं-टूं वाजणारा पेनासारखा टेस्टर मिळतो, त्याचंही तसंच. भिंतीतली वायर कुठून गेली असेल याचा अंदाज घ्यायला तो बरा, पण हात घालायची परवानगी त्याच्याकडून घेऊ नका.

म्हणून टेस्टरच्या पाठोपाठ टेस्ट लॅम्प. होल्डर, दोन लवचिक वायरी आणि टोकांना बोट घसरणार नाही असे इन्सुलेटेड प्रॉड. बल्ब साधा तारेचा घ्या, एलईडी नको. एलईडी शेजारच्या वायरीच्या उतरलेल्या व्होल्टेजवरही मिणमिणतो; तारेच्या बल्बला खरा करंट लागतो, त्यामुळे खोटं व्होल्टेज त्याच्यापुढे टिकत नाही. थ्री फेजच्या जागी दोन फेजच्या मध्ये हा लॅम्प कधीच लावायचा नाही. तिथे चारशे व्होल्टच्या वर असतं, २३० चा बल्ब तोंडावर फुटेल. त्यासाठी सारख्याच वॅटचे दोन बल्ब मालिकेत जोडलेला वेगळा लॅम्प बनवतात.

याच लॅम्पने फेज आणि अर्थ यांच्यामध्ये बल्ब पेटवून ‘अर्थिंग चांगलं आहे’ असं सांगायची पद्धत अजून चालते. ती सोडा. ६० वॅटचा बल्ब पाव अँपिअरहून थोडा जास्त करंट घेतो आणि घरातली आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) ३० मिलिअँपिअरला पडते, म्हणजे घर अंधारात. आरसीसीबी नसली आणि अर्थची वायर मध्येच तुटलेली असली तर त्याहून वाईट: बल्बमधून फेज त्या तुटलेल्या अर्थवर चढतो आणि त्याला जोडलेल्या गिझर, वॉशिंग मशीन, फ्रिज सगळ्यांचे पत्रे जिवंत होतात. त्या वेळी घरातली बाई ओल्या हातांनी मशीनला टेकलेली असू शकते. अर्थिंग मोजायचं वेगळं मीटर असतं, ते कंत्राटदाराकडून आणा.

आता मल्टिमीटर. बाजारात पिवळ्या रंगाचा अगदी स्वस्त मीटर मिळतो. बॅटरी आणि छोटी सर्किट मोजायला तो ठीक, पण डीबीत, म्हणजे एमसीबींच्या डब्यात, घालायला नको. अशा अनेक मीटरच्या १० अँपिअरच्या भोकापाशी ‘अनफ्यूज्ड’ असं छापलेलंच असतं. लाल वायर चुकून त्या भोकात राहिली आणि तुम्ही फेज-न्यूट्रल मोजायला गेलात तर मीटर म्हणजे सरळ शॉर्ट. आत फ्यूज नाही, म्हणून जाळ बाहेर. डीबीवर काम करायचं तर मीटरवर ‘कॅट’ ही खूण आणि पुढे रोमन आकड्यात तीन, सोबत किमान ६०० व्होल्ट असं लिहिलेलं हवं. हीच खूण त्याच्या वायरींवरही बघा. चांगला मीटर घेऊन त्याला रस्त्यावरच्या वायरी जोडल्या तर उपयोग काय? या बाबतीत नाशिककरांची सोय आहे. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या रिशभ कंपनीचे मीटर आपल्याकडे सहज मिळतात. मोटवाने, मेको हीही वर्षानुवर्षं कामगारांच्या हातातली नावं.

दोन मीटर घेण्याइतके पैसे नसतील तर थेट क्लॅम्प मीटर घ्या. त्यात व्होल्ट, ओहम, कंटिन्युइटी असतंच, शिवाय वायर न तोडता करंट कळतो. एसी किती अँपिअर घेतो, एमसीबी ओव्हरलोडमुळे पडते की आणखी कशाने, हे मिनिटात समजतं. जबड्यात वायर एकच घ्यायची. फेज आणि न्यूट्रल दोन्ही घेतले तर मीटर शून्य दाखवतो. आणि दोन्ही घेऊनही शून्य येत नसेल तर करंट तिसऱ्याच वाटेने, म्हणजे गळतीतून, जातोय. ही गळती मिलिअँपिअरमध्ये असते, ती पकडायला त्या मापाचा खास क्लॅम्प लागतो. साध्याला ती दिसेलच असं नाही. एलईडी आणि इन्व्हर्टर एसीचा भार असलेल्या घरात ‘ट्रू आरएमएस’ लिहिलेला मीटर खरा आकडा देतो. किंमत थोडी जास्त, पण आता घेत असाल तर तोच घ्या.

हत्यारं हातात आली की तपासायची रीत पाठ करा. मीटर किंवा लॅम्प आधी नक्की चालू असलेल्या ठिकाणी लावून बघा. मग कामाच्या ठिकाणी फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असं तिन्ही मोजा. मग परत चालू ठिकाणी लावून मीटर अजून जिवंत आहे याची खात्री करा. (लॅम्पने फक्त फेज-न्यूट्रल, अर्थशी मोजायचं ते मीटरने.) मेन पाडली म्हणजे सगळं बंद झालं असं धरू नका. आपल्याकडे घरोघरी इन्व्हर्टर आहे, आता कित्येक गच्च्यांवर सोलरही आहे. मेन पडली की इन्व्हर्टर उलट जागा होतो. आणि जुन्या वाड्यांत, चाळींत स्विच न्यूट्रलवर जोडलेला सापडतो: बटण बंद, होल्डर जिवंत.

बंद केलेली लाइन बंदच ठेवायची सोयही पिशवीत हवी. चिनी मातीचे किटकॅट फ्यूज होते तेव्हा जुने वायरमन किटकॅट काढून स्वतःच्या खिशात घालत. कुणी खाली येऊन लाइन चालू करायची म्हटलं तरी करता येत नसे. एमसीबी खिशात घालता येत नाही. तिच्यावर बसणारं छोटं लॉक मिळतं, त्याला लहान कुलूप लावायचं. सोसायटीच्या मीटर-रूममध्ये ‘काम चालू आहे’ अशी पाटी आणि मोबाइल नंबर अडकवून ठेवा. कुलपाची किल्ली तुमच्याच खिशात.

मेगर, म्हणजे इन्सुलेशन टेस्टर, पहिल्या वर्षी विकत घ्यायची गरज नाही. घरगुती वायरिंगला तो ५०० व्होल्ट डीसी देतो आणि किमान १ मेगाओहम यावा अशी अपेक्षा असते. लावण्याआधी एलईडी, डिमर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर सगळं सोडवून ठेवायला विसरू नका, नाहीतर मालकाचं नुकसान तुमच्या माथी.

तिसरी पायरी: पक्कड, कटर, नोज प्लायर

पक्कड आठ इंची घ्या. सहा इंची हलकी वाटते, पण चार चौरस मिलिमीटरच्या वायरींना पीळ देताना मनगट दुखतं. दुकानात ती बंद करून उजेडाकडे धरा: कापायच्या धारेत फट दिसता कामा नये. मग उघड-मीट करा. सुरुवातीला किंचित घट्ट चालेल, पण जबडे डावी-उजवीकडे हलायला नकोत. खिशात पातळ बारकी वायर ठेवा आणि तिथेच कापून बघा. तुकडा स्वच्छ पडला पाहिजे, दबून लोंबता कामा नये. दुकानदाराने कापू दिली नाही तर दुसरं दुकान. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात टपारियाची पक्कड असते, तीही सातपूरचीच. ‘टपारिया’ हा शब्द काही दुकानांत चांगल्या पकडीचं मापच होऊन बसलाय, आणि म्हणूनच नकलाही तिच्याच जास्त निघतात.

दांड्यावरच्या रबराबद्दल मोठा गैरसमज आहे. बहुतेक पकडींवरचं जाड प्लास्टिक हातातून घसरू नये म्हणून असतं. जिवंत लाइनवर वापरण्यासाठी तपासलेल्या हत्यारावर दुहेरी त्रिकोणाची खूण आणि ‘१००० व्होल्ट’ असं लिहिलेलं असतं. आयईसी ६०९०० या मानकानुसार असं प्रत्येक हत्यार दहा हजार व्होल्टवर तपासून बाहेर पडतं. अशी एक पक्कड आणि दोन पेचकस जवळ असावेत. त्याचा अर्थ चालू लाइनवर काम करावं असा नाही. चुकून लाइन आली तर हात वाचावा एवढ्यासाठी. त्याच्या दांड्याला चीर गेली तर वरून काळी टेप गुंडाळून ‘१००० व्होल्ट’ परत येत नाहीत. ते हत्यार मग साधं झालं, साध्या कामाला वापरा.

सेकंड-हँड पक्कड घेताना धारेत गोल जळका खड्डा दिसला तर मालकाने चालू वायर दोन्ही तारांसकट एकदम कापली आहे हे ओळखा. ती धार गेली.

सहा इंची साइड कटर बोर्डाच्या डब्यात, अडचणीत वायर छाटायला लागतो. त्याने लोखंडी तार, खिळे, फिश वायर कापायची नाही. नोज प्लायर लूप वळवायला आणि डब्यात पडलेला स्क्रू उचलायला. सुरुवातीला या दोघांपैकी एकच घ्यायचा असेल तर कटर.

चौथी पायरी: पेचकस

इथे सगळ्यात जास्त आळस होतो. टेस्टरनेच स्क्रू फिरवायचा, पक्कडीने आवळायचा, आणि मग टर्मिनलचं डोकं झिजून बसतं. टेस्टर हा पेचकस नाही; त्याच्या दांड्याचं पारदर्शक प्लास्टिक जोर लावला की तडकतं.

चार पेचकस पुरतात. मॉड्युलर स्विचच्या खोल टर्मिनलसाठी तीन मिलिमीटरच्या आसपास पात्याचा, बारीक आणि लांब दांड्याचा चपटा. त्याची पोलादी दांडी टोकापर्यंत इन्सुलेशनने झाकलेली असावी. बोर्डाच्या, डब्यांच्या स्क्रूंसाठी दोन नंबरचा फिलिप्स. मोठा चपटा एक. आणि एमसीबी, आरसीसीबीसाठी दोन नंबरचा पोझिड्राइव्ह. हा शेवटचा बऱ्याच जणांना माहीतच नसतो. फिलिप्ससारखाच दिसतो, पण चौफुलीच्या मधल्या कोपऱ्यांत आणखी चार बारीक रेघा असतात. एमसीबीच्या अनेक स्क्रूंवर त्या रेघा दिसतात. फिलिप्स लावला तर तो थोडा फिरून निसटतो, स्क्रू पूर्ण आवळला जात नाही आणि ढिलं टर्मिनल काही महिन्यांनी काळं पडतं. ‘एमसीबी जळली’ म्हणून तक्रार येते, ती पुष्कळदा याचीच. बऱ्याच एमसीबीच्या अंगावर किंवा सोबतच्या कागदावर किती टॉर्कने आवळायचं तेही छापलेलं असतं; एकदा वाचून हाताला अंदाज द्या.

पातं काळपट, टणक आणि टोकाला काटकोनात कापलेलं हवं. निकेलचा चकचकीत मुलामा बघून फसू नका.

पाचवी पायरी: वायर सोलणं आणि लग मारणं

दातांनी वायर सोलणारे अजून आहेत. करू नका, दात जातो तो जातो, वायरीवरची रसायनं तोंडात जातात ती वेगळीच. कटरने गोल फिरवून सोलणाऱ्यांचा हात बसलेला असतो, पण नवख्या हातून दोन-चार बारीक तारा तरी कापल्या जातात. लवचिक वायर अनेक तारांची असते. तिच्या तारा कमी झाल्या की त्या जागी जाडी कमी, आणि गिझरसारख्या भाराखाली ती जागा तापते.

स्क्रूने माप बांधता येणारा साधा स्ट्रिपर पुरतो. दीड, अडीच, चार असं आपल्या वायरीप्रमाणे माप लावून आधी तुकड्यावर सोलून बघा आणि तारा मोजा. स्वयंचलित स्ट्रिपर साइटवर वेळ वाचवतो, पण धूळ गेली की अडतो, तो नंतर. केबलच्या वरच्या जाड आवरणासाठी एक छोटा वाकड्या पात्याचा चाकू ठेवा.

अनेक तारांची वायर एमसीबीत किंवा आयसोलेटरमध्ये तशीच कोंबायची नाही. पिन लग (वायरीच्या टोकावर दाबून बसवायचा धातूचा तुकडा) किंवा फेरूल लावून घालायची. त्यासाठी क्रिम्पिंग टूल. त्याच्यावर वायरीच्या मापाचे खाचे असतात. लग त्याच खाच्यात दाबा. पक्कडीने चेपलेलं लग दिसायला घट्ट असतं, ओढलं की हातात येतं. प्रत्येक लग दाबल्यावर एकदा ओढून बघा. रॅचेटचं टूल पूर्ण दाब दिल्याशिवाय सुटत नाही, म्हणून शिकणाऱ्याला तेच चांगलं. डाउवेल्स, जेनसन या नावांची लग सगळीकडे मिळतात. मीटरपर्यंत आलेली ॲल्युमिनिअमची सर्व्हिस वायर आणि तुमची तांब्याची वायर एकमेकांना पीळ देऊन जोडू नका. दोन धातू एकत्र आले की ओलाव्यात तो जोड खराब होतो. त्याच्यासाठी दोन धातूंचं खास लग मिळतं.

इन्सुलेशन टेप पाच रंगांच्या घ्या: लाल, पिवळी, निळी फेजला, काळी न्यूट्रलला, हिरवी अर्थला. स्टीलग्रिपसारखी चांगल्या नावाची घ्या. स्वस्त टेप उन्हाळ्यात चिकट रस सोडते आणि पुढच्या वायरमनची बोटं काळी करते.

सहावी पायरी: पाइपमधून वायर ओढणं

फिश वायर किंवा नायलॉनची स्प्रिंग वीस-तीस फुटांची. लोखंडी पट्टीची स्वस्त आणि ताठ, लांब सरळ पाइपला बरी. पण तिचं पुढचं टोक चालू डीबीत निघालं तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून आधी दुसऱ्या टोकाची लाइन बंद करा, किंवा नायलॉनचीच घ्या. वायरी अडकल्या तर टाल्कम पावडर लावा. तेल-ग्रीस नको, ते वायरीच्या पीव्हीसीला खातं.

पाइप वाकवायची स्प्रिंग २० आणि २५ मिलिमीटरची, दोन्ही घ्या, फार महाग नसतात. तिच्यामुळे बेंड कमी लागतात, आणि बेंड जितके कमी तितकी पुढची वायर ओढणं सोपं.

सातवी पायरी: भिंत

पाच मीटरचा मेजर टेप, नऊ इंची लेव्हल, रंगाची लाइनदोरी, ओळंबा. बोर्ड तिरका बसला की मालक आयुष्यभर तेच बघतो, आतली वायरिंग कोणी बघत नाही. लेव्हल विकत घेताना भिंतीला लावून बुडबुडा बघा, मग उलटसुलट फिरवून परत बघा. दोन्हीकडे बुडबुडा सारखा आला तर घ्या. मेजर टेप लोखंडाचा असतो, डीबीजवळ उघडा सोडू नका.

विटेच्या भिंतीला साधं इम्पॅक्ट ड्रिल पुरतं. आरसीसी स्लॅबला ते नुसतं घसघसत बसतं, तिथे एसडीएस बिटचं रोटरी हॅमर लागतं. पहिलं वर्ष हे भाड्याने आणा. शहरात दिवसाच्या भाड्याने मिळतं. रोजचं काम सुरू झालं की स्वतःचं. झिरी (भिंतीत पाइपसाठीची खाच) मारायला कटर मशीन असेल तर धुळीसाठी चष्मा आणि मास्क दोन्ही हवेत. आणि बीम-कॉलमला झिरी मारायची नाही, मालक कितीही म्हणाला तरी. गिट्टी (स्क्रू धरायला भोकात ठोकायचा तुकडा) आणि स्क्रू यांचं माप ड्रिल बिटला जुळतं आहे का ते दुकानातच बघा. सहाचं बिट, सहाचीच गिट्टी.

आठवी पायरी: अंगावरचं सामान

शिडी ॲल्युमिनिअमची नको. लाकडी घोडा किंवा फायबरची शिडी घ्या. बांबूची शिडी जुनी झाली, तरी कोरडी असेल तर ॲल्युमिनिअमपेक्षा कधीही बरी.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे रबर लावलेले कापडी ग्लोव्हज हे ओरखड्यांपासून वाचवतात, करंटपासून नाही. विजेच्या कामाच्या रबरी ग्लोव्हजसाठी आयएस ४७७० हे मानक आहे आणि त्यांच्यावर व्होल्टेजचा वर्ग छापलेला असतो. वापरण्याआधी मनगटाकडून गुंडाळत हवा कोंडा. कुठे फुसफुसलं तर ते गेले. बंद बूट घाला. साइटवर चपलेत येणारे बरेच दिसतात, आणि खिळा टोचलेलेही तितकेच. डोक्याला लावायचा टॉर्च मात्र पहिल्याच आठवड्यात घ्या. मोबाइल तोंडात धरून डीबीत बघण्यापेक्षा दोन्ही हात मोकळे असावेत. हाताला अंगठी, कडं, धातूचं घड्याळ कामाच्या वेळी काढून ठेवा.

दुकानात

मुंबईत विजेच्या सामानाला लोहार चाळ आणि हत्यारांना नागदेवी स्ट्रीट. पुण्यात विजेच्या सामानाला तपकीर गल्ली, हत्यारं-हार्डवेअरला बोहरी आळी. तालुक्याच्या गावी एखादंच मोठं दुकान असतं, पण तिथे उधारी आणि बदलून मिळण्याची सोय असते, ती कमी समजू नका. ऑनलाइन दर कधी कमी दिसतो, पण पक्कडीची फट आणि पेचकसाचं टोक फोटोत दिसत नाही. मीटर ऑनलाइन चालेल, पक्कड हातात धरूनच घ्या.

बिल मागा. नकली माल देणारा दुकानदार पक्कं बिल द्यायला का-कू करतो. आयएसआय खूण असेल तर तिच्याबरोबर परवाना क्रमांक असतो, तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून खरा की खोटा ते तिथल्या तिथे बघता येतं. वायर, स्विच, एमसीबी घेतानाही हीच सवय लावा. मालक पैसे देणार असला तरी माल निवडल्याचा दोष तुमच्याकडेच येतो.

खरेदीचा क्रम माझ्या मते असा: पहिल्या दिवशी टेस्टर, टेस्ट लॅम्प, पक्कड, चार पेचकस, साधा स्ट्रिपर, टेप, डोक्याचा टॉर्च. पहिल्या पगारातून क्लॅम्प मीटर, कटर आणि दुहेरी त्रिकोणाची हत्यारं. मग काम बघून क्रिम्पिंग टूल, फिश वायर, लेव्हल, छन्नी-हातोडी. ड्रिल त्यानंतर. पेटी मात्र लोखंडाची घेऊ नका, जाड कॅनव्हासची पिशवी घ्या. जिन्यात खडखडत नाही आणि मालकाच्या नव्या फरशीला ओरखडा पडत नाही.

हत्यारांची निगा फारशी लागत नाही. पावसाळ्यात कोकणात काम असेल तर दर आठवड्याला पक्कडीच्या सांध्यात मशीन-ऑइलचा एक थेंब घाला आणि दांडे पुसून कोरडे करा. मीटरची बॅटरी कमी झाल्याची खूण दिसली की त्याच दिवशी बदला. कमी बॅटरीवर काही मीटर चुकीचं व्होल्टेज दाखवतात. मीटरच्या वायरींच्या मुळाशी चीर पडते, तिथे महिन्यातून एकदा वाकवून बघा. आणि साइटवर पाच-सहा जण एकत्र काम करत असाल तर आपल्या प्रत्येक हत्याराच्या दांड्यावर एकाच रंगाच्या टेपचं वेटोळं मारून ठेवा. संध्याकाळी सगळ्यांच्या पकडी एका ढिगात पडलेल्या असतात आणि चांगली पक्कड आधी उचलली जाते.